पडे, लागे

रावपुऱ्यात नोटरीच्या जिन्याखाली माझं टेबल.
पानाला शंभर. गुजरातीचं मराठी, मराठीचं गुजराती,
शिक्क्याचे वेगळे.
पंखा मालकाचा, त्याचं बिल माझं.

या धंद्यात सगळी मेहनत क्रियापदाच्या शेपटीत असते.
नावं, तारखा, सर्व्हे नंबर
आपोआप उतरतात.
पण 'देईल' आणि 'देणे बंधनकारक राहील'
यांच्या मधल्या फटीतून
मी एकदा अख्खं घर जाताना पाहिलंय,
गच्चीसकट.

बुधवारी शशिकलाबाई खोपकर आल्या,
प्रतापनगरहून, दोन रिक्षा बदलून.
पिशवीत चष्म्याची दोन घरं
आणि मुलाचं उत्तर,
त्यांच्या पोटगीच्या अर्जावर
कचेरीत दाखल केलेलं, दोन पानी.
"गुजराती बोलते मी. भाजीपुरतं, भांडणापुरतं.
वाचायला कधी लागलंच नाही."

पहिल्या पानावर पगार, हप्ते, मुलीची फी,
गुडघ्याचं ऑपरेशन (सासूच्या).
दुसऱ्या पानावर, कलम सात:
मारे आईने दर महिने पैसा आपवा पडे छे.

पेन तिथे थांबलं.
गुजरातीत पडतं ते.
छताचा पोपडा पडावा तसं,
खाली जो उभा असेल त्याच्यावर.
'आपवा जोईए' लिहिता आलं असतं त्याला.
जोईए. त्यात जोवुं आहे, बघणं.
आपल्या 'पाहिजे'तही तेच,
वापरून वापरून गुळगुळीत झालेलं पाहणं.
दोन्ही भाषांना कधीतरी वाटलं असणार
की आधी माणसाकडे बघावं,
काय करायचं ते मग कळतं.

वकिलाचं वाक्य असेल, म्हटलं.
पण वकील 'माताश्री' लिहितो.
सबंध उत्तरात हा एकच शब्द मराठी,
गुजराती अक्षरांत, डोक्यावर रेघ नसलेला:
आई.
म्हणजे हे त्यानेच सांगितलेलं.

'द्यायला हवेत' लिहिलं असतं
तर कुणी तपासलं नसतं.
पण खाली माझी सही, त्यावर शिक्का,
'खरे व बिनचूक'.
लिहिलं:
मला आईला दरमहा पैसे द्यावे लागतात.

बाई बोट ठेवून वाचत होत्या.
बोट 'लागतात'वर आलं आणि हलेना.
मी म्हटलं, त्यांनी 'पडे' म्हटलंय. म्हणजे नाइलाज.
"कळतं मला पडे.
एकावन्न वर्षं झाली बडोद्यात."
मग म्हणाल्या, "आणि हे लागतात?"
मराठीत तसंच होतं, दुसरं काही होत नाही.

"हं," म्हणाल्या.
"अंगावर होता ना, तेव्हा त्याचे दात लागायचे.
दोनच आले होते, खालचे."
बराच वेळ पंख्याकडे बघत राहिल्या.
"कचेरीत त्या बाईने विचारलं,
आ भाई तमारा शुं थाय?
थाय म्हणजे होतो. काय सांगू, काय होतो.
आपल्यात कसं विचारतात, कोण लागतो."

मी काही बोलले नाही.
तिने धरलेला अर्थ त्या वाक्यात नव्हता,
कुठल्याही कोशात या जागी तो देत नाहीत,
आणि उदयन खोपकरच्या मनात तर
नसणारच.
पण खोडायला माझ्याकडे काही नव्हतं.
भाषांतर बिनचूक होतं.

"किती लागतील?"
दोनशे.
रुमालाची गाठ सोडून वीस-वीसच्या नोटा मोजल्या,
दोनदा.
घ्यायला नको होते.
घ्यावे लागले.
घ्यायचेच होते, महिनाअखेर होती.
कुठली शेपटी लावायची
ते अजून माझं ठरत नाही.

उठल्या तशी मी सवयीने ओरडले,
"वाकून जा, जिना लागतो!"
त्या आधीच वाकल्या होत्या.